इंजिन मूळचे की मागाहूनचे? जुन्या मोटारींची साक्ष कशी तपासावी

(वाहतूक अधिकारी, तंत्रशाळांतील शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी थोडा दूरचा वाटेल. अमेरिकेत १९६४ ते १९७३ या काळात बनलेल्या काही विशेष मोटारींत आज जे इंजिन दिसते, ते कारखान्यातून निघतानाचेच आहे की मागाहून कोणी आणून बसविलेले आहे, हे कसे ओळखावे, असा हा विषय आहे. या मोटारी आपल्या रस्त्यांवर क्वचितच दृष्टीस पडतात. तथापि त्यांच्या निमित्ताने तपासणीची जी रीत तिकडे घडत गेली, ती आपल्याकडील जुनी जीप, ॲम्बॅसडर वा फियाट तपासतानाही उपयोगी पडावी अशी आहे. शिवाय एखादा दावा खरा की खोटा हे ठरविताना मनाला कोणती शिस्त लागते, याचाही तो एक उत्तम वस्तुपाठ आहे.

या मोटारी कोणत्या?

अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात, त्यांची कल्पना साधी होती. मधल्या आकाराची, बेताच्या किमतीची मोटार घ्यावयाची आणि तिच्यात मोठ्या मोटारीचे बलवान इंजिन बसवावयाचे. १९६४ सालची पॉन्टिॲक जीटीओ ही या प्रकारातील पहिली मोटार, असे सामान्यतः मानले जाते. मधल्या आकाराच्या मोटारीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये, असा जनरल मोटर्स कंपनीचा स्वतःचाच दंडक होता. जॉन डिलोरियन व त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन स्वतंत्र मोटार म्हणून नव्हे, तर ग्राहकाने मागितल्यास मिळणारी जादा सोय म्हणून पुढे केले आणि तो दंडक चुकविला. मोटार खपली. मग शेवरोले, फोर्ड, डॉज, प्लिमथ या साऱ्यांनी तीच वाट धरली.

हे पर्व दहा वर्षांत ओसरले. विम्याचे हप्ते चढले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे इंजिनांत बदल करणे भाग पडले आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलीसुरली हौसही मोडली. पुढील कित्येक वर्षे या मोटारी म्हणजे केवळ जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या होत्या. तरुणांनी त्या शर्यतीत पळविल्या, इंजिने फुटली आणि भंगारातून मिळेल ते दुसरे इंजिन बसविले गेले. त्यात कोणाचा कपटभाव नव्हता. गाडी चालती राहावी एवढाच हेतू होता आणि म्हणूनच त्याची नोंदही कोणी ठेवली नाही.

पुढे काळ पालटला. ज्यांना तरुणपणी या मोटारी परवडल्या नव्हत्या, ते पन्नाशीत धनवान होऊन त्या शोधू लागले. २०१४ साली १९७१ च्या हेमी इंजिनाच्या, उघड्या टपाच्या एका प्लिमथ कुडा मोटारीस लिलावात ३५ लक्ष डॉलर आले. इतकी किंमत मिळू लागली की खोट्याला पाय फुटतात. साधी मोटार आणि दुर्मिळ मोटार यांचा बाह्य सांगाडा बहुधा एकच असतो, फरक असतो तो मुख्यतः इंजिनात. १९६९ सालच्या शेवरोले कमॅरो मोटारी एकूण २,४३,०८५ बनल्या. त्यांपैकी ‘झेड-२८’ या शर्यतीसाठी सिद्ध केलेल्या प्रकारच्या केवळ २०,३०२ होत्या. साध्या कमॅरोस झेड-२८ चा वेष चढविणे कठीण नाही. इंजिन मूळचे आहे काय, हा प्रश्न त्यामुळेच पैशाचा व सचोटीचा झाला. आज आपण हीच १९६९ ची कमॅरो उदाहरणादाखल घेऊ.

धातूवरील दोन प्रकारची अक्षरे

इंजिनाचा ब्लॉक म्हणजे त्याचा मुख्य ओतीव ठोकळा. त्यावर दोन प्रकारची अक्षरे आढळतात. एक उठावाची. ती साच्यातच असतात, लोखंड ओतताना ब्लॉकबरोबर जन्माला येतात आणि सहजासहजी बदलता येत नाहीत. दुसरी खोलगट. ती ब्लॉक तयार झाल्यावर पोलादी ठशावर घाव घालून उमटविलेली असतात. ती घासून पुसता येतात आणि पुन्हा ठोकताही येतात. तपासणाराने हा भेद आरंभीच मनात पक्का करावा.

शेवरोलेच्या लहान बांध्याच्या आठ सिलिंडरी इंजिनात मागील बाजूस, गिअरबॉक्स जेथे जोडला जातो त्या कडेवर, डावीकडे ब्लॉकचा ओतीव क्रमांक असतो. १९६९ च्या अनेक ब्लॉकवर ३९७००१० हा क्रमांक सापडतो. नवखा ग्राहक तो पाहून हर्षित होतो, कारण झेड-२८ च्या इंजिनांतही हा ब्लॉक वापरला गेला, असे त्याने ऐकलेले असते. परंतु तोच ब्लॉक ३५० घनइंचांच्या सर्वसाधारण इंजिनांतही वापरला गेला, ट्रकांतही गेला आणि पुढे सत्तरच्या दशकात वर्षानुवर्षे ओतला जात राहिला.

हे कसे शक्य आहे, ते शिक्षकांनी मुलांकडून गणित करवून पाहावे. झेड-२८ च्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ४ इंच आणि दट्ट्याची धाव ३ इंच होती. आठ सिलिंडरांचे घनफळ सुमारे ३०२ घनइंच येते. ज्या शर्यतींसाठी ही मोटार सिद्ध केली, त्यांची मर्यादा ५ लिटर, म्हणजे सुमारे ३०५ घनइंच होती, म्हणून हे माप. व्यास तोच ठेवून क्रँकशाफ्ट बदलला आणि धाव ३.४८ इंच केली, की घनफळ ३५० घनइंच होते. बाहेरील ब्लॉक एकच, आतील क्रँकशाफ्ट निराळा. म्हणजे ओतीव क्रमांक जुळला तर ‘असे इंजिन असू शकेल’ एवढेच सिद्ध होते. न जुळला तर मात्र दावा तेथेच संपतो. पहिल्या साक्षीदाराची मर्यादा ही अशी आहे.

तारखांचा क्रम

दुसरा साक्षीदार म्हणजे ओतण्याची तारीख. तीही उठावाची असते आणि बहुधा मागील कडेवरच, उजवीकडे सापडते. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणे एल म्हणजे डिसेंबर. अक्षरापुढे दिवस आणि शेवटी वर्षाचा अंक. ‘सी ४ ९’ असे असेल, तर ब्लॉक ४ मार्च रोजी, ९ ने संपणाऱ्या वर्षी ओतला गेला. मात्र ते १९६९ की १९७९, हे तो एकटा अंक सांगत नाही. आताच सांगितल्याप्रमाणे तोच ब्लॉक पुढेही बनत होता, हे येथे आठवावे. उलट, १९६९ च्या मोटारीत ८ हा अंक सापडला म्हणून लगेच खोटेपणाचा शिक्का मारू नये. अमेरिकेत पुढील वर्षाच्या नमुन्याच्या मोटारी आधीच्या वर्षाच्या शरदातच बनू लागत, त्यामुळे १९६८ च्या अखेरीस ओतलेला ब्लॉक १९६९ च्या मोटारीत असणे स्वाभाविकच आहे.

तिसरा साक्षीदार पुढच्या बाजूस, उजव्या सिलिंडर हेडच्या खालीच असलेल्या लहानशा सपाट पट्टीवर असतो. येथे इंजिन जुळविल्याचा ठसा मारीत. समजा, तेथे ‘व्ही ०३१८ डी-झेड’ असे आहे. व्ही म्हणजे मिशिगन राज्यातील फ्लिंटचा कारखाना. न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा कारखान्यासाठी टी हे अक्षर होते. ०३१८ म्हणजे मार्च महिन्याची १८ तारीख. डी-झेड ही खूण १९६९ च्या झेड-२८ मधील ३०२ घनइंचांच्या इंजिनाची.

चौथा साक्षीदार सर्वांत महत्त्वाचा. १९६८ च्या नमुन्यापासून मोटारीच्या ओळखक्रमांकाचा काही भाग इंजिनावर व गिअरबॉक्सवरही ठोकला जाऊ लागला. १९६९ च्या कमॅरोवर तो ‘१९एन’ असा सुरू होऊन पुढे सहा अंक येतात. १ म्हणजे शेवरोले विभाग, ९ म्हणजे १९६९ चा नमुना, एन म्हणजे ओहायो राज्यातील नॉरवुडचा कारखाना आणि सहा अंक म्हणजे त्या मोटारीचा अनुक्रम. हा भाग पुढच्या पट्टीवर किंवा तेलाच्या फिल्टरजवळ सापडतो. समोरील काचेतून दिसणाऱ्या पट्टीवरील क्रमांकाशी तो जुळला पाहिजे. यालाच तिकडे ‘जुळते क्रमांक’ म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्राइस्लर व फोर्ड यांच्या त्या काळातील मोटारींच्या क्रमांकात पाचवे अक्षर इंजिनाचा प्रकारच सांगते. १९७० व १९७१ च्या क्राइस्लर मोटारींत आर असेल, तर ती हेमी इंजिनासह जन्मली. १९६९ च्या शेवरोलेच्या क्रमांकातून मात्र इंजिन सहा सिलिंडरांचे की आठ, एवढेच कळते. जनरल मोटर्सच्या मोटारींच्या क्रमांकात इंजिनाची खूण १९७२ च्या नमुन्यापासून आली. म्हणूनच कमॅरोसारख्या मोटारीत ब्लॉकवरील ठशांवर एवढा भार पडतो.

आता या तारखा ओळीने मांडा. ब्लॉक ४ मार्चला ओतला, इंजिन १८ मार्चला जुळले आणि सांगाड्यावरील पत्र्याच्या पट्टीवर ‘०४ए’, म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा, अशी खूण आहे. हा क्रम नैसर्गिक आहे. आधी ओतणे, मग जुळविणे, मग मोटारीत बसविणे. आता समजा, ब्लॉक मेमध्ये ओतलेला आणि मोटार एप्रिलची. मग क्रमांक कितीही जुळोत, ते इंजिन त्या मोटारीचे जन्मतःचे नव्हे. मूल आईच्या आधी जन्मत नाही, हा न्याय येथेही लागू आहे.

पृष्ठभागाची साक्ष

आजवरचे साक्षीदार वाचावयाचे होते. पाचवा साक्षीदार पाहावयाचा असतो. ब्लॉकचा माथा कारखान्यात दातेरी यंत्राने एका सरळ ओढीत तासला जाई. त्यामुळे त्या लहान पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक, समांतर रेषा उमटत. ठसे या रेषांवर मारलेले असत. म्हणून अस्सल पट्टीवर रेषा आणि अक्षरे दोन्ही दिसतात आणि अक्षरांच्या मधल्या जागेतही रेषा अखंड चालू असतात. कोणी मूळ ठसा घासून काढला, तर रेषाही जातात. मग तेथे गुळगुळीतपणा, सँडपेपरचे गोल ओरखडे किंवा पट्टीचा मधला भाग किंचित खोल झालेला दिसतो. अक्षरांचे वळण, त्यांची उंची, घावाची खोली आणि परस्परांतील अंतर याकडेही पाहावे. कारखान्यात इंजिनाच्या ठशाची अक्षरे एका साच्यात ओळीने बसवून ठोकीत. एकेक अक्षर हाताने ठोकणाऱ्याची ओळ वरखाली होते.

आपल्याकडे शिलालेख व ताम्रपट तपासणारे संशोधक हेच करतात. ते केवळ मजकूर वाचून थांबत नाहीत. अक्षरांचे वळण त्या शतकाचे आहे काय, सांगितलेली तिथी व वार यांचा मेळ बसतो काय, हेही पडताळतात. बनावट लेख बहुधा मजकुरात नव्हे, तर अशा बारीकसारीक मेळातच उघडा पडतो.

या पट्टीला हात लावताना मात्र फार जपावे. मळ काढावयाचा असल्यास रॉकेल, मऊ ब्रश आणि सुती फडके एवढेच वापरावे. तारेचा ब्रश, ग्राइंडर, सँडपेपर यांस सक्त मनाई समजावी. क्रमांक नीट दिसावा म्हणून पट्टी चकचकीत करणारा मिस्त्री चांगल्या हेतूनेच पुराव्याचा नाश करतो. आधी छायाचित्र घ्यावे, नंतर कागद ठेवून पेन्सिलची छाप घ्यावी. आपल्या परिवहन कार्यालयातील मंडळींना ही छाप घेण्याची रीत नवी नाही.

कागदपत्रे

सहावा साक्षीदार कागदाचा. कारखान्यात मोटार जुळविताना जो कामाचा तक्ता तिच्याबरोबर फिरे, तो कधी पेट्रोलच्या टाकीवर, तर कधी आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सापडतो. शेवरोले मोटारींना १९६५ ते १९७२ या काळात हमीपुस्तिकेत धातूची एक लहान पट्टी मिळे. तिच्यावर मोटारीचा क्रमांक व इंजिनाची खूण उमटविलेली असे. पॉन्टिॲकच्या मूळ विक्रीनोंदी आणि फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादननोंदी आजही मागवून पाहता येतात. असे कागद असतील तर उत्तम. परंतु कागद आणि पट्ट्या यांचीही नक्कल होते, हे विसरू नये. जमिनीच्या व्यवहारात आपण नुसत्या उताऱ्यावर विसंबत नाही. फेरफार, खरेदीखत, नकाशा आणि बांधावरील दगड यांचा मेळ घालतो. येथेही तसेच करावे.

निर्णय कसा लिहावा?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इतके साक्षीदार तपासल्यावर लोक एकच शब्द ऐकू इच्छितात: मूळ की बनावट? परंतु प्रामाणिक तपासनिसाजवळ दोन नव्हे, तर चार उत्तरे असली पाहिजेत.

पहिले उत्तर: ओतीव क्रमांक, तारखांचा क्रम, इंजिनाचा ठसा, मोटारीचा अंशक्रमांक आणि पृष्ठभाग ही सर्व एकमेकांशी जुळतात. इंजिन मूळचे मानण्यास पुरेसा आधार आहे.

दुसरे उत्तर: ब्लॉक योग्य प्रकारचा आहे, तारीखही काळाशी जुळते, परंतु मोटारीशी नाते जोडणारा ठसा उपलब्ध नाही. इंजिन सुसंगत आहे, मूळचे असल्याचे सिद्ध नाही. असे घडण्याचे कारण पुष्कळदा निर्दोष असते. इंजिनकाम करताना वर्कशॉपमध्ये ब्लॉकच्या माथ्याला फेसिंग मारतात आणि पट्टी त्याच पातळीत असल्याने अक्षरे कातली जातात. हा रोजचा रिवाज आहे, गुन्हा नव्हे.

तिसरे उत्तर: इंजिन बदललेले आहे आणि तसे उघड दिसते. हमीच्या मुदतीत शेवरोलेने बदलून दिलेल्या ब्लॉकवर ‘सी-ई’ ही अक्षरे असत. असे इंजिन मूळचे नव्हे, पण त्याचा इतिहास स्वच्छ आहे.

चौथे उत्तर: ठसे आहेत, पण पृष्ठभाग वा तारखा त्यांना खोटे पाडतात. येथे पुन्हा ठोकल्याचा संशय लिहिणे हे कर्तव्यच होय. घाव घालताना अक्षराखालचा धातू दाबला जातो आणि वरील अक्षर घासून काढले, तरी तो दाबलेला थर कधी कधी खाली शिल्लक राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विशिष्ट आम्लद्रव्यांनी तो पुन्हा दृश्य करता येतो. वाद न्यायालयात जाण्याजोगा असेल, तर हे काम तज्ज्ञांवरच सोपवावे.

दुसऱ्या उत्तराला पहिल्याचा मुलामा देणे, हाच या व्यवसायातील मोठा मोह आहे. ‘ब्लॉक तर योग्यच आहे, तारीखही बसते, मग क्रमांक ठोकला म्हणून काय बिघडले?’ असा युक्तिवाद केला जातो. बिघडते ते असे की, जे अज्ञात होते ते ज्ञात म्हणून विकले जाते. शिवाय त्याच क्रमांकाचे खरे इंजिन उद्या कोठे सापडले, तर त्याच्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. एका खोट्या ठशाने दोन इंजिनांची साक्ष नष्ट होते.

आपल्याकडे याचे प्रयोजन

मंडळी, हा विचार आपल्याला परका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये जुन्या वारसा-वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खाजगी वापरातील दुचाकी व चारचाकी वाहने तिच्यात येतात. त्यांना ‘व्हीए’ या अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे, असे त्या नियमांत ठरले. मुख्य अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे ‘इंजिन मूळचे आहे काय’ हा प्रश्न आता आपल्याही तपासणी अधिकाऱ्याच्या टेबलावर आला आहे.

आपल्या खेड्यापाड्यांत पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी जीप व ॲम्बॅसडर गाड्यांत डिझेल इंजिने बसविली. शेतमाल बाजारात पोचला, आजारी माणूस दवाखान्यात पोचला. त्या गाड्यांनी संसार चालविले आणि त्यात लाज वाटण्याजोगे काहीच नाही. मात्र इंजिन बदलले, तर ते नोंदणी पुस्तकात लिहून घेणे कायद्याने आवश्यक आहे आणि आपल्या हिताचेही आहे. न नोंदलेले इंजिन विम्याच्या वेळी, विक्रीच्या वेळी आणि चोरीचा तपास सुरू झाल्यावर मालकालाच अडचणीत आणते. जुनी गाडी घेताना सौदा होण्यापूर्वी पुस्तकातील इंजिन क्रमांक व चासी क्रमांक गाडीवर स्वतः वाचून पाहावा. क्रमांक घासलेला वा अर्धवट दिसला, तर समाधानकारक उलगडा झाल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

तंत्रशाळांतील शिक्षकांना माझी एक सूचना आहे. कार्यशाळेत पडलेला एखादा जुना ब्लॉक घ्यावा, मुलांकडून त्यावरील उठावाची व खोलगट अक्षरे शोधून लिहवून घ्यावीत आणि प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने ठेवावेत: ‘यावरून काय सिद्ध होते’ आणि ‘यावरून काय सिद्ध होत नाही’. दुसरा रकाना भरताना मुलांना जो विचार करावा लागेल, तो यंत्रशाळेबाहेरही त्यांना जन्मभर पुरेल.

एकाकी क्रमांक ही साक्ष नव्हे. परस्परांशी संगनमत नसलेले अनेक साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हाच सत्य उभे राहते आणि जेथे ते गप्प असतात, तेथे आपणही तितकेच लिहून थांबावे. मोटारीची किंमत काळानुसार चढेल वा उतरेल, परंतु तपासनिसाने सही करून दिलेल्या शब्दाची किंमत उतरू नये, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.